सेंटॉस ७ गेल्यानंतर: प्रयोगशाळेच्या सर्व्हरसाठी नवे लिनक्स कसे निवडावे

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या विभागातील सर्व्हरवर मी नेटसीडीएफची (हवामानाच्या डेटा-फाइली वाचणारी) लायब्ररी बसवायला घेतली, तेव्हा पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या ‘यम’ने मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजेस मिळणाऱ्या सर्व्हरांच्या यादीचा, पत्ताच सापडत नसल्याचा संदेश दिला. नेट गेले असावे असे समजून मी केबल काढून पुन्हा लावली, राउटर बंद करून चालू केला, नेटवर्क पाहणाऱ्या सहकाऱ्याला वरच्या मजल्यावर बोलावले आणि यात अर्धा दिवस घालवला. नेट व्यवस्थित होते. ३० जून २०२४ रोजी आमच्या सर्व्हरवरील सेंटॉस ७ या वितरणाची, म्हणजे तयार बांधून मिळणाऱ्या लिनक्स संचाची, मुदत संपली होती आणि यम ज्या पत्त्यावर चौकशी करत होता तो पत्ताच बंद झाला होता. ही तारीख कित्येक वर्षे आधीपासून जाहीर होती. आमच्या खोलीत ती कोणी पाहून ठेवलेली नव्हती, एवढेच.

सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी गणनेसाठीचा सर्व्हर येतो तो बहुधा एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून. तो बसवणारा विद्यार्थी पीएच.डी. पूर्ण करून पुण्याला किंवा हैदराबादला निघून जातो, प्रकल्प संपतो आणि मागे उरतो तो रूट पासवर्ड लिहिलेला एक कागद. अशा सर्व्हरची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे आणि ज्यांना लिनक्स वापरता येते पण निवडावे कसे हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, खालची ऑपरेटिंग सिस्टीम कंटाळवाणी, दीर्घायुषी आणि तुमच्या हार्डवेअरला झेपणारी निवडावी आणि संशोधनाचे सॉफ्टवेअर तिच्यापासून जमेल तेवढे वेगळे ठेवावे. हे वेगळेपण एकदा साधले, की अल्मा की रॉकी, उबंटू की डेबियन हा वाद पुष्कळसा निवळतो.

थोडी पार्श्वभूमी

रेड हॅट या कंपनीच्या ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’च्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला दहा वर्षे अपडेट मिळतात आणि तिचा स्रोत खुला असल्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा बांधून विनामूल्य देता येते. सेंटॉस याच मार्गाने आले. अमेरिकेतील फर्मीलॅब आणि जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळांचे सायंटिफिक लिनक्सही २००४ पासून याच मार्गाने येत होते. एप्रिल २०१९ मध्ये फर्मीलॅबने सायंटिफिक लिनक्सची आठवी आवृत्ती काढणार नसल्याचे आणि पुढे सेंटॉस ८ वापरणार असल्याचे जाहीर केले. त्यानंतर सुमारे वीस महिन्यांनी, ८ डिसेंबर २०२० रोजी, सेंटॉस ८ चेच आयुष्य ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल अशी घोषणा झाली. २०२९ पर्यंतचा धरलेला भरवसा एका वर्षावर आला.

त्या पोकळीत मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि जून २०२१ मध्ये रॉकी लिनक्स उभे राहिले. रॉकीची सुरुवात सेंटॉसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्टझर यांनी केली. डिसेंबर २०२२ मध्ये सर्न आणि फर्मीलॅब या दोघांनी मिळून आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्स हे प्रमाण वितरण म्हणून सुचवले. इतिहास एवढा पुरे.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते लिहून काढणे

वितरणांची तुलना करणारे लेख वाचण्याआधी एक वही घ्या. वहीच घ्या असे मी मुद्दाम म्हणतो, कारण सर्व्हरविषयीची माहिती त्याच सर्व्हरवरील फाइलमध्ये ठेवून नंतर तीच डिस्क पुसण्याचा पराक्रम माझ्या हातून झालेला आहे.

पहिल्या पानावर प्रोसेसर. ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवा आणि फ्लॅगच्या लांबलचक ओळीत ‘एव्हीएक्स२’ हा शब्द आहे का ते पाहा. हा एक शब्द पुढचा मोठा निर्णय करून टाकतो. इंटेलच्या हॅसवेल पिढीपासूनच्या झिऑन प्रोसेसरमध्ये तो असतो. त्याआधीच्या सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज पिढीत, म्हणजे ई५-२६०० मालिकेच्या पहिल्या आणि ‘व्ही२’ लिहिलेल्या मॉडेलांत, तो नसतो. जुन्या अनुदानातून आलेले बरेच सर्व्हर नेमके याच पिढ्यांचे आहेत.

दुसऱ्या पानावर रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे; रेड हॅटशी याचा संबंध नाही), नेटवर्क कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड, ‘एलएसपीसीआय’ने दाखवलेल्या क्रमांकांसकट. हे क्रमांक लिहिण्याचा कंटाळा करू नये. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून कित्येक जुन्या रेड कार्डांचे आणि एसएएस कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले, त्यामुळे इन्स्टॉलर व्यवस्थित सुरू होतो, भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो आणि डिस्क निवडण्याच्या पानावर आला की एकही डिस्क दाखवत नाही. एलएसआयच्या एसएएस २००८ चिपवर चालणारी कार्डे या यादीत होती. नवख्या माणसाला अशा वेळी डिस्कच गेली असे वाटते. ईएलरेपो या प्रकल्पाकडून त्या ड्रायव्हरांची पॅकेजेस मिळतात. शिवाय अल्मालिनक्सने ९.४ या आवृत्तीपासून अशा अनेक जुन्या कार्डांचा आधार स्वतःच परत आणला आहे.

ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचे, म्हणजे के४० किंवा के८० असेल, तर त्याच्यासाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे आणि कुडा १२, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणना करण्याचे एनव्हिडियाचे सॉफ्टवेअर, त्या कार्डावर चालत नाही. अशा कार्डासाठी वितरण बदलण्यापेक्षा कार्ड बदलण्याचा प्रस्ताव लिहावा. अगदीच शक्य नसेल तर त्या कार्डाचा नाद सोडून सर्व्हर फक्त प्रोसेसरवर चालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे पान सॉफ्टवेअरचे. येथे ‘आरपीएम’ने दिलेली हजार-दीड हजार नावांची यादी फाइलमध्ये साठवून ठेवा, परंतु वहीत तेवढेच लिहा जे गेल्या वर्षभरात कोणीतरी खरोखर वापरले आहे. विभागातील प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे: तुझा कोड कोणत्या भाषेत आहे, कोणत्या कंपायलरने बांधला, आणि तो तू स्वतः पुन्हा बांधू शकतोस का. शेवटच्या प्रश्नाला ‘सरांनी दिलेली तयार फाइल आहे’ असे उत्तर आले, तर त्या नावाभोवती लाल गोल करा. त्याचे काय करायचे ते पुढे येईलच. विकत घेतलेले सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या कंपनीने कोणती वितरणे मान्य केली आहेत ती यादी आणि परवाना कोणत्या यंत्राच्या मॅक पत्त्याशी बांधला आहे, या दोन्ही गोष्टी नोंदवा.

चौथ्या पानावर वापरकर्त्यांची खाती. लहान क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहात, ही खाती बहुधा ‘एनआयएस’ या जुन्या पद्धतीने सगळ्या नोडवर (समूहातील एकेका संगणकावर) वाटलेली असतात. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीतून एनआयएस काढून टाकलेले आहे, म्हणजे अल्मा ९ आणि रॉकी ९ मध्येही ते नाही. प्रत्येक खात्याचा यूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, लिहून ठेवा, कारण नव्या सर्व्हरवर तोच क्रमांक दिला नाही तर एका विद्यार्थ्याच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात.

दुसरी पायरी: जीलिबसी म्हणजे काय ते समजून घेणे

जुन्या सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर का चालत नाही, याचे उत्तर दहापैकी आठ वेळा जीलिबसी हेच असते. लिनक्सवरील जवळपास प्रत्येक प्रोग्राम या मूळ लायब्ररीवर उभा असतो आणि तिचा नियम एकेरी आहे: जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर चालत नाही. सेंटॉस ७ मध्ये ती २.१७ आहे. रेड हॅट घराण्याच्या (रेड हॅट, अल्मा, रॉकी) आठव्या पिढीत २.२८, नवव्या पिढीत २.३४ आणि दहाव्या पिढीत २.३९. उबंटू २२.०४ मध्ये २.३५, उबंटू २४.०४ मध्ये २.३९ आणि डेबियन १२ मध्ये २.३६.

या आकड्यांचा चटका विद्यार्थ्यांना आधी बसतो. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या व्हीएस कोड या कोड-संपादकाच्या १.८६ या आवृत्तीने दूरच्या सर्व्हरवर २.२८ मागितली आणि सेंटॉस ७ ला लॅपटॉपवरून जोडणाऱ्यांची जोडणी तुटली. डीप लर्निंगच्या पायटॉर्च या लायब्ररीची तयार पॅकेजेसही २०२५ पासून २.२८ हाच पाया धरून येतात. जीलिबसी स्वतः बदलून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर सापडेल. तो पाळू नये. चालत्या सर्व्हरची जीलिबसी हाताने बदलणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे होय. एक चुकीचा दुवा पडला की ‘एलएस’सारखी साधी कमांडही चालत नाही आणि मग पेन ड्राइव्हवरून सर्व्हर सुरू करून दुरुस्ती करावी लागते.

तिसरी पायरी: उमेदवार

अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स यांच्यातील फरक नवख्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य वितरणाचा स्रोत सर्वांसाठी प्रसिद्ध करणे थांबवले आणि सार्वजनिक स्रोत सेंटॉस स्ट्रीमपुरता ठेवला. त्यावर रॉकीने पूर्वीप्रमाणेच हुबेहूब प्रतिकृती देत राहण्याचे ठरवले, तर अल्माने हुबेहूबपणाचा आग्रह सोडून, रेड हॅटवर चालणारा प्रोग्राम अल्मावर चालला पाहिजे एवढी सुसंगती राखण्याचे ठरवले. विकतच्या सॉफ्टवेअरच्या मान्य यादीत दोघांपैकी एकाचेच नाव असेल तर तेच घ्यावे. तसे बंधन नसेल आणि सर्व्हर जुना असेल तर वर सांगितलेल्या ड्रायव्हरांमुळे मी अल्माकडे झुकतो. नवा सर्व्हर असेल तर शेजारच्या विभागात जे आहे तेच घेणे शहाणपणाचे, कारण रात्री साडेदहाला अडचण आली की फोन करायला माणूस हवा.

सेंटॉस स्ट्रीम हे नाव ओळखीचे असल्यामुळे अनेकजण तेच उतरवून घेतात. स्ट्रीम ही रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची आधीची पायरी आहे, तिला दहा वर्षांचे आयुष्य नाही आणि स्ट्रीम ८ तर मे २०२४ मध्येच संपली. प्रयोगशाळेच्या सर्व्हरसाठी मी ती घेणार नाही.

उबंटूची दीर्घकालीन आवृत्ती हा एका टेबलावरील, एक-दोन ग्राफिक्स कार्डे असलेल्या वर्कस्टेशनसाठी उत्तम पर्याय आहे. डीप लर्निंगचे जवळपास प्रत्येक मार्गदर्शन उबंटू गृहीत धरून लिहिलेले असते आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवरही तेच असते. पाच वर्षांचे अपडेट सर्वांना मिळतात. एक खबरदारी मात्र घ्यावी. उबंटूमध्ये सुरक्षा अपडेट आपोआप बसण्याची सोय मुळातच चालू असते. त्यातून एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला आणि यंत्र रीस्टार्ट झाले नाही, तर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नसल्याचे सांगते आणि पुढचा प्रत्येक प्रशिक्षणाचा प्रयत्न फसतो. ड्रायव्हरची पॅकेजेस ‘एपीटी-मार्क’ने रोखून ठेवावीत आणि ठरलेल्या दिवशीच अपडेट करावीत.

डेबियन अतिशय स्थिर आहे. ज्या विभागात डेबियन जाणणारा माणूस कायमचा नोकरीत आहे तेथे दुसरे काही शोधू नये. तीन वर्षांचे नेहमीचे आणि त्यानंतर दोन वर्षांचे दीर्घकालीन समर्थन, असे पाच वर्षांचे गणित तेथेही येते. सीडॅकचे बॉस लिनक्स डेबियनवरच बेतलेले असून कार्यालयीन कामासाठी आणि भारतीय भाषांसाठी ते सोयीचे आहे, परंतु क्लस्टरसाठी मी ते सुचवणार नाही. फेडोराला एका आवृत्तीमागे सुमारे तेरा महिने मिळतात, म्हणजे एका प्रकल्पाच्या काळात तीनदा स्थलांतर. तो विषय तेथेच संपतो.

आणखी एक प्रश्न उमेदवार पक्का करण्याआधी विचारावा: तुमचे मोठे काम शेवटी कोठे चालणार आहे? विभागातील सर्व्हरवर लहान चाचणी घेऊन मोठी गणना राष्ट्रीय महासंगणन मोहिमेच्या एखाद्या परम यंत्रावर किंवा दुसऱ्या संस्थेच्या क्लस्टरवर पाठवायची असेल, तर तेथे कोणत्या घराण्याचे लिनक्स आणि कोणता जॉब शेड्यूलर (कामे रांगेत लावणारा प्रोग्राम) आहे ते त्यांच्या वापरकर्ता-पुस्तिकेतून पाहून घ्या आणि शक्यतो त्याच घराण्यात राहा. स्क्रिप्ट दोनदा लिहावी लागत नाही.

चौथी पायरी: आवृत्ती आठ, नऊ की दहा

पाणी किती दिवसांआड येणार हे कळल्याशिवाय सोलापुरात कोणी टाकी विकत घेत नाही. मुदतीच्या तारखांकडेही तसेच पाहावे. आठव्या पिढीचे अपडेट २०२९ च्या मे महिन्यापर्यंत, नवव्या पिढीचे ३१ मे २०३२ पर्यंत आणि दहाव्या पिढीचे २०३५ पर्यंत मिळणार आहेत.

आठवी पिढी आज नव्याने बसवण्यात अर्थ नाही. अपवाद एकच: तुमचे विकतचे सॉफ्टवेअर तिच्यापुढे गेलेच नसेल. दहावी पिढी २०२५ च्या मे महिन्यात आली आणि येथे वहीतील पहिले पान उपयोगी पडते, कारण रेड हॅट १० आणि रॉकी १० यांना एव्हीएक्स२ असलेला, म्हणजे तिसऱ्या पातळीचा प्रोसेसर लागतो. अल्माने दुसऱ्या पातळीच्या जुन्या प्रोसेसरांसाठी दहाव्या आवृत्तीचा वेगळा बांधलेला संच ठेवला आहे खरा, पण इतर ठिकाणची तयार पॅकेजेस त्या पातळीसाठी मिळतीलच असे नाही. बहुतेक प्रयोगशाळांना मी आज नववी पिढी सुचवेन. तिचा कर्नल ५.१४, जीसीसी ११ आणि पायथन ३.९ आहे, हे आकडे जुनाट वाटतील, पण पुढच्या पायरीनंतर त्यांचे महत्त्व उरत नाही.

पाचवी पायरी: संशोधनाचे सॉफ्टवेअर वेगळे ठेवणे

माझ्या आधीच्या माणसाने पायथनची तीन रूपे, एचडीएफ५ च्या दोन आवृत्त्या आणि एमपीआयचे (अनेक प्रोसेसरांवर एकत्र गणना चालवणाऱ्या लायब्ररीचे) चार प्रकार थेट ‘यूएसआर-लोकल’मध्ये बसवलेले होते. कोणते कशासाठी हे त्यालाच ठाऊक. म्हणून आता नियम असा ठेवला आहे की, सिस्टीमच्या पॅकेजांत केवळ सर्व्हर चालवण्यापुरतेच असावे आणि बाकी सर्व तीन थरांत जावे.

पायथन आणि आर वापरणाऱ्यांना मिनीफोर्ज हे पॅकेजेस बसवणारे साधन द्यावे. ते कोंडा-फोर्ज या सामुदायिक भांडारातून पॅकेजेस घेते, त्यामुळे ॲनाकोंडा कंपनीच्या मूळ चॅनेलच्या परवान्याच्या अटींचा प्रश्न येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या फोल्डरमध्ये स्वतःचे एन्व्हायर्नमेंट बनवावे आणि त्याची यादी यामल फाइलमध्ये प्रबंधासोबत ठेवावी. कंपायलर, एमपीआय, एफएफटीडब्ल्यू, नेटसीडीएफ यांसारख्या, यंत्राप्रमाणे बांधाव्या लागणाऱ्या गोष्टींसाठी स्पॅक किंवा ईझीबिल्ड ही बांधणीची साधने वापरावीत आणि त्या मॉड्यूल पद्धतीने, म्हणजे हवी ती आवृत्ती एका कमांडने चालू करता येईल अशा, उपलब्ध कराव्यात.

तिसरा थर कंटेनरचा, म्हणजे प्रोग्राम त्याच्या जुन्या सिस्टीमच्या फाइलींसकट एका बंद डब्यात चालवण्याचा. वहीत लाल गोल केलेली नावे येथे येतात. पूर्वी सिंग्युलॅरिटी या नावाने ओळखले जाणारे ॲपटेनर रूट अधिकाराशिवाय चालते, म्हणून सामायिक सर्व्हरवर डॉकरपेक्षा ते योग्य. सेंटॉस ७ ची प्रतिमा घेऊन, तिच्यातील भांडाराचे पत्ते मिररलिस्टऐवजी जुन्या संग्रहाकडे, म्हणजे ‘व्हॉल्ट’कडे वळवून, त्यात ‘सरांनी दिलेली तयार फाइल’ आणि ‘एलडीडी’ने दाखवलेल्या लायब्ररी बसवल्या की ती फाइल अल्मा ९ वर पूर्वीसारखी चालते. आमच्याकडे फोरट्रानमधील एक जुना प्रोग्राम, ज्याचा मूळ स्रोत कोणाकडेच उरलेला नाही, याच पद्धतीने आजही चालतो. सेंटॉस ६ च्या काळातील फाइल असेल तर कर्नलला ‘व्हीसिसकॉल’ या जुन्या सोयीचे वर्तन सुरू करण्याचा पर्याय द्यावा लागू शकतो.

सहावी पायरी: एका नोडवर चाचणी

जुन्या सिस्टीमवरूनच नवीत जाण्यासाठी अल्माचे एलिव्हेट हे साधन आहे. ते सातवरून आठवर आणि आठवरून नऊवर नेते. सोलापुरात मागावर नवा बीम चढवताना जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोके एकेक गाठ मारून जोडतात, म्हणजे फणीतून सगळे धागे नव्याने ओवावे लागत नाहीत. हा तसाच प्रकार आहे. जुना ताणा नीट असेल तर वेळ वाचतो. तो आधीच गुंतलेला असेल तर प्रत्येक गुंता नव्या कापडात उतरतो. दहा वर्षे निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी हात लावलेला सर्व्हर हा गुंतलेलाच समजावा आणि नव्याने इन्स्टॉल करावे.

क्लस्टरमधील सर्वात निरुपयोगी नोड निवडा आणि त्याच्यावर सुरुवात करा. संपूर्ण डीव्हीडी प्रतिमा १० जीबीच्या आसपास असते, म्हणून ती रात्री उतरवून घ्या आणि तिचा शा-२५६ बेरीज-अंक संकेतस्थळावरील अंकाशी ताडून पाहा. इन्स्टॉल करण्यापूर्वी डेटाच्या डिस्कचे कनेक्शन प्रत्यक्ष काढून ठेवा. इन्स्टॉलर सगळ्या डिस्क एकाच पानावर दाखवतो आणि टिकची खूण चुकीच्या डिस्कवर पडायला वेळ लागत नाही.

नवव्या पिढीत पाऊल ठेवताच तीन गोष्टी नवख्याला चकवतात. रूट खात्याने पासवर्ड देऊन एसएसएचमधून आत जाता येत नाही. आधी साधे खाते बनवून त्याला सुडोचा अधिकार द्यावा. एसएचए-१ सह्या डीफॉल्टनेच बंद असल्यामुळे जुन्या नेटवर्क स्विचला किंवा जुन्या सर्व्हरला जोडताना नकार मिळतो. तेवढ्यापुरते जुने धोरण ‘अपडेट-क्रिप्टो-पॉलिसीज’ने चालू करता येते, पण ते कायम ठेवू नये, त्यापेक्षा वापरकर्त्यांकडून नव्या ईडी२५५१९ किल्ल्या बनवून घ्याव्यात. आणि पायथन २ मुळीच नाही, त्यामुळे जुन्या देखभालीच्या स्क्रिप्ट एकामागून एक थांबतात.

पूर्ण क्लस्टर रॉक्स या क्लस्टरसाठीच्या वितरणावर असेल, तर त्याची ७.० ही आवृत्ती सेंटॉस ७ वरच उभी आहे हे लक्षात घ्या. त्याच्या जागी ओपनएचपीसी हा पर्याय पाहावा. त्याच्या तिसऱ्या मालिकेत नवव्या पिढीसाठी स्लर्म (जॉब शेड्यूलर), वेअरवुल्फ (सर्व नोडवर सिस्टीम बसवणारे साधन), एमपीआय आणि गणिताच्या लायब्ररी एकत्र मिळतात. चार-पाच नोड असतील तर मी वेअरवुल्फच्याही फंदात पडणार नाही. सर्व नोडवर सारखीच मांडणी करणाऱ्या अ‍ॅन्सिबलची एक फाइल, एनएफएसवरील (नेटवर्कवरून वाटलेले) सामायिक होम आणि स्लर्म एवढ्यावर भागते. एनआयएसची जागाही तीच अ‍ॅन्सिबलची फाइल घेते: खात्यांची नावे व यूआयडी तिच्यात लिहिले की सर्व नोडवर सारखीच खाती तयार होतात.

सातवी पायरी: उत्तरे तीच येतात का

ही पायरी लोक गाळतात आणि प्रबंध तपासणीच्या वेळी पस्तावतात.

उदाहरण पावसाचे घेऊ, कारण या जिल्ह्याला ते परके नाही. पर्जन्यछायेतील सोलापूर परिसरातच २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने ढगबीजनाचे प्रयोग केले होते. समजा तुमच्याकडे डब्ल्यूआरएफ या हवामान प्रारूपाची जुनी आवृत्ती आहे. ती सेंटॉस ७ च्या जीसीसी ४.८ वर बांधली जात होती. अल्मा ९ च्या जीसीसी ११ वर बांधायला गेल्यावर ‘प्रकार जुळत नाही’ अशा त्रुटींची रांग लागते. कोडमध्ये नवे काही बिघडलेले नसते. जीफोरट्रानने दहाव्या आवृत्तीपासून सबरूटीनला दिलेल्या आर्ग्युमेंटचे प्रकार काटेकोरपणे तपासायला सुरुवात केली, पूर्वी तो केवळ इशारा देई. ‘एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय कंपायलरच्या ओळीत दिला की काम पुढे सरकते. प्रारूपाची नवी आवृत्ती घेणे अधिक चांगले, पण अर्धा प्रबंध जुन्या आवृत्तीवर झालेला असेल तर ते विद्यार्थ्यावर लादू नये.

बांधून झाल्यावर एकच जुना दिवस दोन्ही सर्व्हरवर चालवा. निकालाच्या फाइली बाइट-बाइट सारख्या येणार नाहीत आणि त्या तशा याव्यात अशी अपेक्षाही ठेवू नये. कंपायलर बदलला, गणिताची लायब्ररी बदलली किंवा नव्या प्रोसेसरसाठी बांधताना गुणाकार व बेरीज एकाच सूचनेत झाली, की दशांशाच्या शेवटच्या स्थळांत फरक पडतो. हवामानासारख्या अरेषीय प्रारूपात तोच फरक ४८ तासांच्या अंदाजात एखादा ढग बार्शीऐवजी माढ्यावर नेऊन ठेवू शकतो. म्हणून तुलना पहिल्या काही टाइम-स्टेपनंतर करावी, जेथे तापमान व दाब यांतील फरक नगण्य असायला हवा, आणि ४८ तासांनंतर संपूर्ण क्षेत्राची सरासरी पाहावी. पहिल्याच टाइम-स्टेपला तापमान अर्ध्या अंशाने सरकले असेल तर तो राउंडिंगचा फरक नव्हे. कोठेतरी इनपुट फाइल वेगळी आहे किंवा एखादे चल आरंभी शून्य धरले जात होते, ते आता धरले जात नाही. आमच्याकडे दुसरे कारण निघाले. ती चूक कोडमध्ये कित्येक वर्षे होती आणि जुना कंपायलर ती झाकून घेत होता.

शेवटची पायरी: बदलाचा दिवस

एप्रिल-मे हे महिने टाळावेत. पारा बेचाळीसच्या पुढे असतो, एसी दमलेला असतो, वीज जाते आणि त्याच काळात प्रबंधही जमा होत असतात. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर मिळतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही विभाग ओस असतो, पण तेव्हा मदतीला कोणी सापडत नाही.

आधी गणनेचे नोड बदला आणि हेड नोड, म्हणजे सगळे ज्यातून आत येतात तो मुख्य नोड, सर्वांत शेवटी. होम फोल्डरांचा बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि त्यातील एका विद्यार्थ्याचे फोल्डर प्रत्यक्ष परत उतरवून उघडून पाहा; न उघडलेला बॅकअप हा बॅकअप मोजू नये. हेड नोडची जुनी डिस्क पुसू नका. नवी डिस्क बसवा आणि जुनीवर तारीख लिहून ती निदान एक सत्र कपाटात ठेवा, कारण दुसऱ्या महिन्यात कोणीतरी हमखास येऊन विचारतो, ‘माझ्या क्रॉनच्या स्क्रिप्ट कुठे गेल्या?’ ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या या कामांच्या नोंदी होममध्ये नसतात, ‘व्हार’मध्ये असतात, आणि हे बदलाच्या धांदलीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

सर्व्हरच्या रॅकच्या दारावर एक कागद चिकटवा. वितरणाचे नाव, बसवल्याची तारीख, वही कोणत्या कपाटात आहे ते, आणि ठळक अक्षरांत ‘अपडेट बंद होण्याची तारीख: ३१ मे २०३२’.